वाचकांचे प्रश्न: इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर आणि त्याची पॅकेजं, म्हणजे त्यात वरून टाकायच्या जोडण्या

प्रश्न: पॅकेज टाकायला गेलं की "नॉट फाउंड" येतंय, यादीत तर नाव दिसतंय, नेट पण चालू आहे. काय भानगड आहे ही?

यादी शिळी झालीये, बाकी काही नाही. इमॅक्स ती यादी तुमच्याच मशीनवर साठवून ठेवतं, तिकडे मेल्पावर, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या एका ऑनलाइन भांडारावर, नवी आवृत्ती बनली की काही दिवसांनी जुनी फाइल निघून जाते, आणि तुमचं इमॅक्स त्या गेलेल्या फाइलचंच नाव घेऊन मागत बसतं. मेटा-एक्स (बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट आणि एक्स), मग पॅकेज-रिफ्रेश-कंटेंट्स, आणि परत इन्स्टॉल.

प्रश्न: मित्र म्हणतो मेल्पा नसेल तर इमॅक्स वापरून उपयोग काय. खरंच जोडायलाच हवं का? काही धोका आहे का त्यात?

मित्राचं म्हणणं एकेकाळी बऱ्यापैकी खरं होतं. पॅकेज मॅनेजर इमॅक्समध्ये आला तो २४व्या आवृत्तीत, म्हणजे २०१२ साली, आणि त्याच्यासोबत मुळात फक्त जीएनयू एल्पा हे इमॅक्सचं अधिकृत भांडार. तिथे कोड द्यायचा तर लेखकाला कॉपीराइट इमॅक्समागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या नावे करून द्यावा लागतो, त्यामुळे कित्येक लेखक तिकडे फिरकलेच नाहीत आणि मेल्पावर गेले. आता २८पासून नॉन-जीएनयू एल्पा पण आपोआप जोडलेलं येतं, त्याला ती कागदपत्रं लागत नाहीत, मॅजिटसारखं (इमॅक्समधून गिट वापरायचं) पॅकेज तिथूनच मिळतं. म्हणून आधी या दोन्हीकडे बघा, नाहीच मिळालं तर मेल्पा जोडा.

मेल्पाची गंमत अशी की तिथलं पॅकेज थेट लेखकाच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे तो कोड ठेवतो तिथून, बनतं, काल रात्री त्याने जे काही ढकललं असेल ते आज तुमच्याकडे. आवृत्तीचा आकडा म्हणजे तारीख, २०२४०३१० वगैरे. आता तेच पॅकेज एल्पावर ३.२ म्हणून असेल तर इमॅक्सच्या हिशेबाने मोठा आकडा कोणता? कायम मेल्पाचाच. तुम्हाला वाटतं आपण पक्की आवृत्ती वापरतोय आणि प्रत्यक्षात आलेली असते अर्धवट. यावर उपाय पॅकेज-आर्काइव्ह-प्रायॉरिटीज ही सेटिंग, त्यात एल्पाला मेल्पापेक्षा मोठा आकडा द्या की झालं.

धोक्याचं म्हणाल तर तो सगळीकडूनच आहे हो. पॅकेजला इमॅक्समध्ये कसलंही कुंपण नाही, तुम्ही ज्या फाइली वाचू-पुसू शकता त्या तेही वाचू-पुसू शकतं. त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेलं, कोणी लिहिलंय ते धड कळत नाही असलं पॅकेज केवळ छान रंग दिसतात म्हणून मी तरी टाकणार नाही.

प्रश्न: सगळी पॅकेजं एकदम अपग्रेड केली आणि आता इमॅक्स उघडतानाच एरर. कुठलं बिघडलंय कसं शोधू? पन्नास-साठ तरी आहेत.

आधी टर्मिनलमधून इमॅक्सला डॅश आणि मोठा क्यू देऊन उघडा, मग तुमची सेटिंग आणि पॅकेजं काहीच लोड होत नाही. असं नीट उघडलं तर दोष तुमच्या बाजूचा. मग दोन डॅश लावून डीबग-इनिट देऊन उघडा, बॅकट्रेसमध्ये (एरर कुठून कुठून आली त्या यादीत) बऱ्याचदा पॅकेजचं नाव सरळ दिसतं. नाही दिसलं तर इनिट फाइलचा (तुमची सेटिंग असते ती) अर्धा भाग कॉमेंट करा, म्हणजे तेवढा वाचला जात नाही, उघडून बघा, एरर गेली तर ती त्या अर्ध्यात, मग त्याचा अर्धा. साठ पॅकेजं असली तरी पाच-सहा फेऱ्यांत सापडतं. आणि इमॅक्सच स्वतः नव्या आवृत्तीवर गेलं असेल तर जुनी कंपाइल केलेली फाइल नव्याशी पटत नाही असंही होतं, २९पासून त्यासाठी पॅकेज-रिकंपाइल-ऑल आहे.

सापडल्यावर मात्र एक करा, त्या साठांतली किती खरंच वापरता ते बघा. नको ती काढली की पॅकेज-ऑटोरिमूव्ह चालवा, त्यांच्यासाठी म्हणून आलेली बाकीचीही जातात.

प्रश्न: एग्लॉट आणि विच-की टाकायचंय, कुठून घेऊ?

कुठूनच नाही! एग्लॉट (भाषा-सर्व्हरशी जोडून कोड लिहायला मदत करणारं) इमॅक्स २९पासून आतच आहे, यूज-पॅकेजही (पॅकेजांची सेटिंग नीट लिहायला). विच-की (पुढे कुठली की दाबता येईल ते दाखवणारं) ३०पासून, फक्त विच-की-मोड चालू करा. त्याआधीची आवृत्ती असेल तर जीएनयू एल्पावर दोन्ही आहेत.