दुबईला जाताना शाळा कुठली?

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मिस्टरांना दुबईत 3 वर्षांचं काम मिळालंय. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत, दोघं सीबीएसईला. सगळे म्हणतात आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) नाहीतर ब्रिटिश शाळेतच घाला. काय करू?

उत्तर: ताई, आधी परत कधी यायचंय ते बघा, मग शाळा. मुलीचीच मला खरी काळजी वाटते, कारण आयजीसीएसई, म्हणजे ब्रिटिश शाळांतली दहावीच्या तोडीची परीक्षा, हा साधारण 2 वर्षांचा कोर्स आणि सीबीएसईतही नववीला नोंदणी झाली की थेट दहावीत बोर्ड बदलणं अवघड, म्हणजे मध्येच परत यावं लागलं तर तिची फरफट होईल, त्यापेक्षा दुबईत सीबीएसईच्या भरपूर शाळा आहेत, तीच एनसीईआरटीची पुस्तकं, सेशनही एप्रिलला सुरू, तिला तिथेच घाला. मुलगा लहान आहे, तो कुठेही रुळेल. अरबी मात्र दोघांनाही शिकावी लागेल, नवव्या ग्रेडपर्यंत ती कंपल्सरी आहे.

शाळेच्या फीला तिथली केएचडीए ही सरकारी संस्था मंजुरी देते, तो मंजूर आकडा बघाच, वर बस आणि युनिफॉर्म वेगळे. कंपनी फी देणार का, ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.

आणि मुलीला विचारलंत का? मैत्रिणी सोडून जाणार आहे ती.