झोंबींच्या गावात फेरीला निघण्यापूर्वी

प्रश्न : मी आणि माझा आतेभाऊ ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ हा झोंबींपासून, म्हणजे चालत्या-फिरत्या मुडद्यांपासून, जीव वाचवण्याचा व्हिडिओ गेम आळीपाळीने खेळतो. घरात खाण्याचा भरपूर साठा असतो, तरी आमचे पात्र आठवडाभरसुद्धा टिकत नाही. झोंबी चावल्यावर आम्ही लगेच अँटिबायोटिक गोळ्या देतो, पण गुण येत नाही. जखमांची काळजी आणि सामान गोळा करणे यांचा मेळ कसा घालावा?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आधी गोळ्यांविषयी. या गेममध्ये झोंबी चावला की झोंबी होण्याच्या रोगाची लागण ठरलेली असते आणि मूळ सेटिंगमध्ये दोन-तीन दिवसांत पात्र दगावते. त्यावर औषधच ठेवलेले नाही. नखाचा ओरखडा उठला तर लागणीची शक्यता ७ टक्के आणि कातडी फाटली तर २५ टक्के असते, म्हणून अशा जखमेनंतर पात्राची आशा सोडू नये. अँटिबायोटिक केवळ चिघळलेल्या साध्या जखमेसाठी असतात. पुढे पडद्यावर मळमळीचे चिन्ह दिसले, तरी ते लागणीचेच असते असे नाही. शिळे अन्न खाल्ल्याने किंवा प्रेतांच्या ढिगाजवळ रेंगाळल्यानेही ते उमटते.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र औषधांच्या डब्यात सापडणार नाही. पात्राला होणाऱ्या बहुतेक जखमा सामान गोळा करण्याच्या फेरीतच होतात, आणि त्यांतल्याही पुष्कळशा परतीच्या वाटेवर, जेव्हा पाठीवर वाजवीपेक्षा जास्त ओझे असते, दम लागलेला असतो आणि तरीही ‘आणखी एक घर पाहून घेऊ’ असा मोह आवरत नाही. ओझे वाढले की पात्र मंदावते व लवकर थकते, थकलेल्या हातांचा घाव हलका पडतो, आणि जो झोंबी एरवी दोन फटक्यांत आडवा झाला असता तो अंगावर येऊन पोहोचतो. म्हणूनच दम लागल्याचे चिन्ह दिसताच परत फिरावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्या क्षणी हाताशी आलेले कपाट कितीही भरलेले असो.

निघताना झोप पूर्ण झालेली असावी, पोट भरलेले असावे आणि पिशवी जवळजवळ रिकामी असावी. एक हत्यार, पाण्याची एक बाटली आणि दोन-तीन बँडेज एवढे पुरते. पिशवी पाठीवर अडकवल्यास आतील सामानाचे वजन कमी धरले जाते, त्यामुळे चांगली बॅग सापडणे हे टिनच्या वीस डब्यांपेक्षा मोलाचे असते. जाड जाकीट ओरखड्यांपासून वाचवते, परंतु गेमची सुरुवात १९९३ च्या जुलै महिन्यात, अमेरिकेतील केंटकी राज्यात होते; त्या उन्हाळ्यात जाड कपड्यांनी अंग तापते आणि तहान वाढते. मे महिन्याच्या दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून सीताबर्डीला जाणाऱ्या नागपूरकराला हे अधिक समजावून सांगायला नको.

घरात शिरताना काच फोडून खिडकीतून उडी मारणे टाळावे. काचेने हात कापतो, शिवाय आवाजाने आसपासचे झोंबी गोळा होतात. आधी दार आणि उघड्या खिडक्या तपासाव्यात, आत वाकून चालावे आणि बंद न्हाणीघराचे दार उघडण्यापूर्वी थांबून कानोसा घ्यावा. औषधे बहुधा न्हाणीघरातील भिंतीवरच्या कपाटात सापडतात. काही घरांत चोरघंटा असते. ती वाजली तर सामानाकडे न पाहता दूर निघून जावे.

जखम झालीच तर क्रम सांभाळावा. काच रुतली असेल तर प्रथम चिमट्याने काढावी, खोल जखमेला टाके घालावेत, मग जंतुनाशक लावून स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती मळताच बदलावी. फाडलेली चादरही पट्टी म्हणून चालते, पण उकळून घेतलेली असल्यास उत्तम. केंटकी हे बर्बन व्हिस्कीचे माहेरघर; तिच्यात अल्कोहोल असल्यामुळे गेममध्ये ती जंतुनाशक म्हणून वापरता येते. प्रत्यक्षात कोणी असे करू नये. खरी जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. कुत्रा चावला असेल तर ती पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात लस घ्यावी.

प्रश्न : वीज आणि पाणी बंद झाल्यावर साठा कसा वापरावा? सुरुवात कोणत्या गावातून करावी?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मूळ सेटिंगमध्ये हे दोन्ही पहिल्या महिनाभरात कधीही बंद पडू शकते, तेव्हा नळ चालू आहेत तोवर मिळेल ते भांडे भरून ठेवावे. फ्रिजमधील मांस, दूध व भाज्या आधी संपवाव्यात आणि टिनचे डबे मागे राखावेत; कॅन-ओपनर मात्र पहिल्याच फेरीत शोधावा. सुतारकाम थोडे जमू लागले की पावसाच्या पाण्याची टाकी बांधता येते, पण ते पाणी उकळूनच प्यावे. जनरेटर जोडण्यासाठी त्याविषयीचे मासिक आधी वाचावे लागते, आणि तो घराबाहेरच चालवावा, कारण बंद खोलीतील धुराने पात्र मरते. नवशिक्यांनी रोझवूड गाव निवडावे. तेथे झोंबींची गर्दी तुलनेने कमी असते आणि अग्निशमन केंद्रात कुऱ्हाड व जाड पोशाख मिळण्याची चांगली शक्यता असते.