लेकीला खाणीतले हादरे मोजायचेत

प्रश्न: आमची मुलगी बडोद्याला एम. एस. युनिव्हर्सिटीत फिजिक्स घेऊन टी. वाय. बी.एस्सी.ला आहे. भूमिगत कोळसा खाणींभोवतीचे हादरे मोजण्याच्या कामात जायचं म्हणते. बी.एड. करून शिक्षिका व्हावं, अशी आमची इच्छा. मुलगी खाणीत उतरणार या विचारानंच तिच्या आईची झोप उडाली आहे.
– एक पालक, दांडिया बाजार

उत्तर: नमस्कार. आधी वहिनींच्या काळजीबद्दल. भूमिगत खाणीत बायकांनी काम करायला पूर्वी कायद्यानं बंदी होती. 2019 साली केंद्र सरकारनं तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती ती उठवली. तेव्हाची अट होती: सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत, आणि तिची लेखी संमती असेल तरच. या कामात खाली जावं लागतं ते मुख्यतः यंत्रं बसवायला नि तपासायला, बाकी दिवस कॉम्प्युटरसमोर. पण कधी उतरावंच लागणार नाही, असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. खाणीचं छत ज्यानं पाहिलेलंच नाही, त्याला पडद्यावरची रेघ वाचता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ती रेघ म्हणजे काय, हे तुम्हीही समजून घ्या. लाँगवॉल पद्धतीत कोळसा कापत यंत्र पुढे सरकतं आणि मागच्या रिकाम्या जागेत, म्हणजे गोफमध्ये, छत कोसळू देतात. वर जाड वालुकाश्म असेल तर ते लगेच पडत नाही, अधांतरी राहतं आणि मग मोठा पट्टा एकदम खाली येतो. त्याआधी खडकात बारीक भेगा पडत असतात. त्यांची थरथर बोअरमध्ये बसवलेले जिओफोन, म्हणजे जमिनीचे हादरे मोजणारी यंत्रं, टिपतात आणि ती पडद्यावर रेघ होऊन उमटते. आधी वेगानं येणाऱ्या पी लहरीचा छोटा झटका, मागून सावकाश येणाऱ्या एस लहरीचा मोठा हेलकावा. वालुकाश्मात दोन्हींमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक असेल, तर भेग साधारण अर्ध्या किलोमीटरवर. अनेक जिओफोनांच्या नोंदी जुळवल्या की जागा कळते. मात्र कोळशातून लहर खडकापेक्षा बरीच सावकाश जाते. ते हिशेबात धरलं नाही तर जागा चुकते. सुरुंगाची नि यंत्रांची थरथरही वेगळी काढावी लागते. तिचं फिजिक्स इथं रोज कामाला येईल.

ऑगस्ट 2007 मध्ये अमेरिकेत युटातल्या क्रँडल कॅन्यन खाणीत सहा कामगार गाडले गेले, त्यांना सोडवायला गेलेले तिघेही दगावले. भूकंपामुळे खाण कोसळली, असं खाणचालकांचं म्हणणं होतं. 3.9 तीव्रतेच्या त्या हादऱ्याच्या नोंदी तपासून भूकंपशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की हादरा बसला तोच खाण कोसळल्यामुळे. असं काम करावंसं तुमच्या लेकीला वाटतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मला काळजी आहे ती नोकरीची. आपला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो, भूमिगत खाणींचा वाटा अगदी थोडा. त्यामुळे एवढ्याच कामावर भिस्त ठेवू नये. तिनं भूभौतिकशास्त्रात, म्हणजे पृथ्वीच्या फिजिक्समध्ये, एम.एस्सी. करावं: धनबाद, खरगपूर किंवा मुंबई आयआयटी. प्रवेश जॅम या आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतून होतो. तिचे विषय कुठे चालतात ते माहितीपत्रकात आधी पाहा. सोबत पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायलाच हवी. हीच विद्या धरणं, बोगदे, तेलाचा शोध, सगळीकडे चालते. बी.एड. नंतरही करता येईल, पण फिजिक्सची ही तयारी एकदा सुटली की पुन्हा जुळवणं जड जातं.

गांधीनगरला राज्याची भूकंप संशोधन संस्था आहे. उन्हाळ्यात तिथं प्रोजेक्ट करता येईल का, हे विभागप्रमुखांचं पत्र जोडून तिनं आत्ताच विचारावं. आणि जमलं तर चौकशीला तुम्ही दोघंही तिच्यासोबत जा.