धावून आल्यावर डोकं शांत का होतं?

धावायला सुरुवात केल्यावर पहिल्या आठवड्यात दमण्यापलीकडे काही जाणवलं नाही, म्हणून सोडून देऊ नका. वेगही वाढवू नका. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकाच दम लागू द्या.

धावण्यासारख्या एरोबिक (दम वाढवणाऱ्या) व्यायामानंतर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला तर अल्फा लहरी, म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांच्या, बऱ्याचदा वाढलेल्या दिसतात. जागेपणी डोळे मिटून निवांत बसल्यावरही याच लहरी ठळक असतात. या शांततेचं श्रेय सगळे जण एंडॉर्फिनला, म्हणजे शरीरच तयार करत असलेल्या वेदनाशामक रसायनाला देतात, मला ते घाईचं वाटतं. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. आनंदामाइडसारखी एंडोकॅनाबिनॉइड्स, म्हणजे शरीरातच बनणारी गांजातल्या घटकांसारखी रसायनं, मात्र शिरतात.

सवय टिकली तर मेंदूची रचनाही बदलते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर नेमाने चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता.

व्यायाम संपला की लगेच मोबाइल हातात घेऊ नका (हे कुणीच ऐकत नाही). पाच-दहा मिनिटं हळू चाला, श्वास खाली येऊ द्या. झोपायच्या तासाभर आधी मात्र जोराचा व्यायाम नको. आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवा.