नाशिकला आहेस तर सावकाश जेव

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. ऑफिसातली मंडळी शनिवारी गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांत, म्हणजे वाइन बनवणाऱ्या कारखान्यांत, जातात, तूही एकदा गेलास आणि 'काका, वाइन आंबट निघाली, बिल कडू' असा निकाल देऊन मोकळा झालास. वाचून हसलो. पण शेवटी तू विचारलं आहेस की यात खरंच काही गंमत आहे की लोक नुसते फोटो काढायला जातात. उभा जन्म हॉटेलांच्या डायनिंग रूममध्ये काढलेल्या माणसाला असं विचारलंस, आता पत्र वाचणं आलं.

आधी एक गोष्ट उरकून टाकतो. राज्यात वाइनसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे. तू दोन्ही ओलांडलीस, म्हणून मी मोकळेपणी लिहितो आहे. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय झाला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं बरंच ऐकू आलं होतं. त्यावर जाऊ नकोस. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, ती दारूच आहे. प्यायची नसेल तर बिलकुल पिऊ नकोस, या पत्रातलं जेवणाबद्दलचं सगळं तरीही तुझ्या कामाचं आहे. आणि प्यायचीच असेल तर एकच धरून चाल: वाइन जेवणासाठी असते, जेवण वाइनसाठी नाही. तू गेलास त्या दिवशी नेमकं उलटं झालं. रिकाम्या पोटी चार चवी घेतल्यास, मग भूक लागली म्हणून सगळं एकदम मागवलंस आणि पाऊण तासात उठलास. त्यात नाशिकचा काही दोष नाही.

तू तासगावचा. द्राक्षवेलीची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि फळछाटणी (घडांसाठी) तुला मी काय सांगणार! एप्रिलमध्ये खरड, पाऊस सरता सरता फळछाटणी आणि जानेवारीपासून तोडा, हे तुझ्या घरचं पंचांग आहे. युरोपात वेल थंडीत झोपते आणि वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडी पडत नाही, म्हणून कात्री दोनदा चालते. नाशिक विषुववृत्तापासून वीस अंशांवर. वाइनच्या देशांचा जुना पट्टा तीस ते पन्नास अंशांतला, म्हणजे आपण त्याच्या पार बाहेर. तरीही इथे जमतं, ते सहाशे मीटरच्या आसपासच्या उंचीमुळे आणि डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्रींमुळे. निफाडकडे पारा इतका उतरतो की शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. खाण्याच्या द्राक्षाला ती थंडी नकोशी, मणी तडकतात. वाइनच्या द्राक्षाला मात्र रात्री गार असल्या तर आंबटपणा टिकवून पिकता येतं.

पुढच्या वेळी बागेत गेलास की घड हातात घेऊन बघ. तुझे बाबा थॉमसन जातीचे घड जीए या संजीवकात बुडवून मणी फुगवतात, कारण बाजाराला टपोरा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा असतो. इथे सगळं उलटं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. फुगवणं म्हणजे नुकसान. रंग, वास आणि तोंड आवळणारा तुरटपणा सालीत नि बियांत असतो, त्यामुळे रसाच्या मानाने साल जितकी जास्त तितकं बरं. शक्यतो तोडाही पहाटे, ऊन चढायच्या आत करतात. एका बाटलीला सव्वा-दीड किलो द्राक्ष लागतं. हा हिशोब तू माझ्यापेक्षा लवकर करशील आणि मग बिल कडू का लागतं तेही कळेल. त्यात कर आहेत, बाटली आहे, आणि हॉटेलवाल्याचा वाटा तर आहेच, तो मी नाकारत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण टेबलावर कुणीतरी तो चुकीचा सांगणारच. सुरुवात नाशिकची नाही, नारायणगावची. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुल्यांच्या इंडाज कंपनीने तिथे फ्रेंचांच्या मदतीने फसफसणारी वाइन काढली आणि 'ओमार खय्याम' नावाने परदेशात विकली. नाशिकला राजीव सामंतांच्या सुला वायनरीची पहिली वाइन आली २००० साली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि दिंडोरीपासून निफाडपर्यंत वायनऱ्या उगवल्या. पुढे २००८-०९ च्या सुमारास मंदी आली, अनेक वायनऱ्यांना टाळं लागलं, वाइनचा माल पडून राहिला आणि कितीतरी शेतकऱ्यांनी त्या बागा काढून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. बाबा 'वाइनच्या नादाला लागू नका' म्हणतात ते त्या काळातलं. त्यांना खोडून काढू नकोस.

आता तुझी आंबट वाइन. तू मागवलीस ती सोव्हिन्यों ब्लांक, एक पांढरी वाइन. तिचा आंबटपणा म्हणजे दोष नव्हे. तळलेल्या बोंबलावर आपण लिंबू पिळतो, तेच काम ती घोटाघोटाने करते. ती नुसती पिऊन काय कळणार? तिच्यात ओल्या गवताचा, हिरव्या मिरचीचा असा एक वास असतो. कोथिंबीर वडी, हिरव्या वाटणातलं पापलेट, अळूवडी यांच्याबरोबर घे. तळणीचा तेलकटपणा जिभेवरून उतरतो आणि दुसरी वडी पहिलीसारखीच लागते.

तिखटाचं शास्त्र मात्र नीट समजून घे, कारण आपल्या जेवणात खरा घोटाळा तिथेच होतो. तू दुसऱ्यांदा मागवलीस ती शिराझ, त्या कार्डावरची सगळ्यांत महाग लाल. आणि समोर काळ्या मसाल्याचं झणझणीत चिकन. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि लाल वाइनचा तुरटपणा तिखटाबरोबर कडूपणाकडे झुकतो. चिकनही वाया, शिराझही. तिखटाला किंचित गोडी लागते. म्हणून आपल्याकडची शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन, जिच्यात बऱ्याचदा जरा साखर ठेवलेली असते, ती रश्श्याबरोबर चालते. वाइनचे जाणकार तिला नाकं मुरडतात. मुरडू देत, त्यांच्या ताटात नाशिकचा काळा रस्सा नसतो. शिराझ प्यायचीच असेल तर सुकं मटण घे, मसाला भाजका, मिरची बेताची. चरबी आणि मीठ असलं की लाल वाइन मऊ होते. मासे आणि दाट लाल वाइन एकत्र आणू नकोस. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. हा नियम कुणी शिष्टाचारासाठी केलेला नाही, खाऊन बघ.

फसफसणारी वाइन लोक वाढदिवसाला उडवून वाया घालवतात. ती साबुदाणा वड्याबरोबर किंवा बटाटेवड्याबरोबर घेऊन बघ, चटणी जरा बाजूला ठेवून. मी हॉटेलच्या कार्डावर हे लिहून द्यायचो तेव्हा शेफ मंडळी मला वेड्यात काढत. मिसळीबरोबर काही पिऊ नकोस. मिसळीला पाव, तर्री आणि नंतर चहा पुरे.

मित्र शाकाहारी असतील तर एक अडचण आधीच सांगतो. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी नुसती बेंटोनाइट माती. विचारायला लाजू नकोस. चांगल्या वायनरीत उत्तर मिळतं.

वेळेचं गणित असं आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि हॉटेलवाल्याला एकाच टेबलावर दोन-तीनदा गिऱ्हाईक बसवायचं असतं. म्हणून प्लेट पटकन उचलतात, 'रिपीट, सर?' असं सारखं विचारतात. वेटरचा त्यात दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. मीही शिकवलं आहे. बुधवारी दुपारी तेच हॉटेल अर्धं रिकामं असतं आणि तू दोन तास बसलास तर कुणाच्या पोटात दुखत नाही. एखादी रजा त्यासाठी टाक. साडेबाराला जाऊन बस. दुपारच्या जेवणाचा आणखी एक फायदा म्हणजे संध्याकाळपर्यंत डोकं हलकं होतं.

आणि सगळं एकदम मागवायची आपली सवय सोड. आपण पंगतीची माणसं, ताट भरलेलं बघितल्याशिवाय जीव थंड होत नाही. पण हॉटेलात तू पाच पदार्थ एका दमात सांगितलेस की ते स्वयंपाकघराला जाणाऱ्या एकाच ऑर्डरच्या चिठ्ठीवर (केओटी) जातात आणि स्वयंपाकघर जे आधी होईल ते आधी पाठवतं. मग सूप संपायच्या आत बिर्याणी येते, वडे गार होतात, आणि सगळं निवायच्या आत खायची घाई सुरू. त्यापेक्षा आधी दोनच गोष्टी सांग, आणि वेटरला सरळ म्हण, 'पुढचं आम्ही नंतर सांगतो, घाई नाही.' चांगला वेटर खूश होतो. मेन कोर्स सांगताना 'पंधरा मिनिटांनी लावा' म्हटलं की तो आत तशी सूचना देतो. इतकं सोपं आहे हे, पण सांगणारा गिऱ्हाईक विरळा.

वाइन किती? बाटली साडेसातशे मिलीलिटरची, म्हणजे पाच ग्लास. दोघांना जेवणभर ती पुरून उरते. अर्धी बाटली मिळत असेल तर ती घे. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी. गाडी चालवणाऱ्याने ग्लासाला हातच लावायचा नाही. कायद्याची मर्यादा शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलीग्रॅम आहे, आणि ती गाठायला फार लागत नाही. हॉटेलवाल्याला गाडी बोलवायला सांग.

वेटर आधी थोडी ओततो तो घोट आवड-निवड ठरवायचा नसतो, बाटली बिघडलेली नाही ना एवढंच बघायचा असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर परत कर, बिनधास्त. नुसती आवडली नाही म्हणून परत करता येत नाही. लाल वाइन कोमट आली तर ती थोडी थंड करून माग. 'रूम टेंपरेचर' हा सल्ला युरोपातल्या सोळा-अठरा अंशांच्या खोल्यांचा. एप्रिलमधल्या नाशिकच्या खोलीचा नाही. बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवली तरी फरक पडतो. घरी न्यायची असेल तर दुकानाच्या काचेत उन्हात उभी केलेली बाटली घेऊ नकोस, आणि पांढरीवर साल बघून घे. आपल्या साध्या पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच बऱ्या, तीन-चार वर्षं कपाटात ठेवून त्या काही सुधारत नाहीत. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नकोस, आपल्या हवेत ते बुचापेक्षा सोयीचं.

ब्लॅकबेरी, ओक, लेदर असले शब्द ऐकून दबून जाऊ नकोस. तू जांभूळ म्हण, करवंद म्हण, पावसानंतरची माती म्हण. तुला ज्या वासांची ओळख आहे तेच तुला सापडणार.

एक गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही, कारण ती टेबलाच्या पलीकडची आहे. वाढणाऱ्या पोरांना बहुतेक ठिकाणी ब्रेक शिफ्ट असते. सकाळी अकराला आले, तीनला सुटले, पुन्हा सातला हजर. त्या मधल्या वेळात ते स्वतः जेवतात, पाठ टेकतात. तू साडेतीनपर्यंत रेंगाळलास तर कुणाची तरी झोप जाते. म्हणून बसल्या बसल्या विचारून घे, शेवटची ऑर्डर किती वाजता. ती वेळ जवळ आली की बिल चुकतं कर, मग हवं तर बाहेर व्हरांड्यात किंवा झाडाखाली जाऊन बस. टिप रोख दे आणि वाढणाऱ्याच्या हातात दे. माझ्या लेखी निवांत जेवणाऱ्या माणसाची पारख इथेच होते, वाइनच्या ज्ञानावरून नाही.

बाबा फेब्रुवारीत येणार म्हणतोस. ते माळकरी, तेव्हा 'त्यांना तिथे न्यावं की नाही' हा तुझा प्रश्न बरोबर आहे. ने. वायनरीच्या बागेत फिरवून आण, तोडा चालू असेल. ते कलमाला खालचा खुंट कोणता लावलाय विचारतील, डॉगरिज की दुसरा काही. किलोला दर काय मिळतो, करार किती वर्षांचा, पैसे कधी हातात येतात हेही विचारतील, आणि तिथला माणूस उत्तरं देता देता थकेल. मग शाकाहारी स्वयंपाक चांगला असेल अशा ठिकाणी जेवायला बसा, वायनरीतच असं नाही. त्यांच्यासमोर तू ग्लास घ्यावास की नाही, ते मी सांगणार नाही, तुमच्या घरची रीत तुला ठाऊक. त्यांना ताक मागव आणि द्राक्षाचा विषय काढ, दोन तास कसे जातील कळणार नाही. फक्त मार्चच्या मध्यापर्यंत लांबवू नका, तोवर बागा बहुतेक मोकळ्या होतात. टेबल आधी सांगून ठेव. शक्यतो बुधवारचंच.

तुझा,
काका