समुद्रतळाच्या गाळावरून हिमयुगं आणि जुने प्रवाह कळतात म्हणे, पण हा नुसता अंदाजच नाही का?

तुम्ही विचारलंय की तळाच्या चिखलावरून लाखो वर्षांपूर्वीचं सांगणं म्हणजे शास्त्रज्ञांनी बांधलेला अंदाजच ना. माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगते कारण मी गोव्यात दोन वर्षं एका प्रोजेक्टवर हेच काम केलंय, अरबी समुद्रातून आणलेला गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा आणि मग मायक्रोस्कोपखाली बारीक ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलून काळ्या स्लाइडवर ठेवायचं.

ही कवचं फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची, आम्ही नुसतं फोरॅम म्हणायचो. काही फोरॅम वरच्या पाण्यात तरंगत जगतात, काही तळाशी गाळातच राहतात, पण मेल्यावर वरच्यांची कवचंही खाली येऊन पडतात, म्हणजे चमचाभर गाळात वरच्या पाण्याचे साक्षीदार आणि तळाचे साक्षीदार एकत्रच सापडतात. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे. खोल समुद्रात हजार वर्षांत साधारण १ ते ३ सेंटिमीटर गाळ साचतो, त्यामुळे तळात पोकळ पाइप घुसवून १० मीटरचा कोअर काढला तर तीन ते दहा लाख वर्षं हातात येतात.

आता ऑक्सिजन. पाण्यात ऑक्सिजन-१६ असतो आणि अगदी थोडा जड ऑक्सिजन-१८ असतो. हलकं पाणी लवकर वाफ होतं, त्याचा बर्फ होऊन ध्रुवाकडच्या जमिनीवर पडतो, हिमयुगात तो तिथेच अडकून राहतो आणि मग समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं, ते कवचात उतरतं. पण गोची अशी की पाणी गार झालं तरी कवचात जड ऑक्सिजन जास्त येतो, मग बर्फ वाढला की पाणी गारठलं हे ओळखायचं कसं? १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी या शास्त्रज्ञाने हा बदल मुख्यतः तापमानाचा मानला होता. १९६७ मध्ये निक शॅकल्टन यांनी वरची आणि तळाची कवचं शेजारी ठेवून पाहिली. खोल पाणी आजच शून्य अंशाच्या जवळपास आहे, ते आणखी किती गार होणार, आणि तरीही तळाच्या फोरॅममधला बदल वरच्यांच्या जवळपास तेवढाच होता, म्हणजे मोठा वाटा बर्फाचा. नंतर कळलं की खोल पाणीही थोडं गारठलं होतं, पण मला तो युक्तिवाद आजही फार आवडतो, कारण प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच चमच्यात आहे.

अंदाज या शब्दाला खरं उत्तर १९७६ मध्ये मिळालं. हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी दक्षिण हिंदी महासागरातले दोन कोअर घेतले, दोन्ही मिळून साधारण साडेचार लाख वर्षांचे, आणि त्यात सुमारे १ लाख, ४० हजारांच्या थोडं वर आणि २३ हजार वर्षांची चक्रं निघाली. पृथ्वीची कक्षा, अक्षाचा कल आणि अक्षाचं डुलणं यांची हीच चक्रं सर्बियाच्या मिलान्कोविच यांनी कागद-पेन्सिलीने मांडली होती आणि ते १९५८ मध्येच वारले होते. आकाशाचं गणित करणारा एक माणूस, गाळ मोजणारे दुसरेच, आणि आकडे जुळतात.

प्रवाहांचं जास्त किचकट आहे. पृष्ठभागावरच्या वनस्पती हलका कार्बन आधी उचलतात, म्हणून नुकतंच वरून बुडालेलं पाणी जड कार्बनने, म्हणजे कार्बन-१३ ने, समृद्ध असतं, आणि ते तळाशी जितकं जुनं होत जातं तितका वरून पडणारा कुजका माल त्यात हलका कार्बन मिसळत जातो. तळाच्या फोरॅममध्ये हे नोंदलं जातं, त्यावरून कळलं की सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकचं ताजं पाणी साधारण २ किलोमीटरच्या वरच राहत होतं आणि खाली दक्षिणेकडचं पाणी पसरलं होतं. दुसरा पुरावा पूर्ण वेगळ्या वाटेने येतो. पाण्यातल्या युरेनियमपासून थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम ही दोन मूलद्रव्यं ठरलेल्या प्रमाणात तयार होतात, थोरियम लगेच गाळात बसतं, प्रोटॅक्टिनियम जास्त काळ तरंगतं आणि प्रवाह ते अटलांटिकबाहेर नेतो, प्रवाह थांबला तर तेही तिथेच बसतं. २००४ मध्ये बर्म्युडाजवळच्या गाळात दिसलं की सुमारे साडेसतरा हजार वर्षांपूर्वी या दोघांचं गाळातलं प्रमाण जवळजवळ तयार होतानाच्या मूळ प्रमाणाला टेकलं होतं, म्हणजे प्रवाह जवळपास बंद. आणि त्याच काळात उत्तर अटलांटिकच्या गाळात खडे सापडतात, भर समुद्रात खडे आणणार कोण, तर वितळणारे हिमनग (हार्टमुट हाइनरिख यांनी १९८८ मध्ये हे थर दाखवले).

तरी तुम्ही म्हणाल की तारखा चुकल्या तर? चुकतात, किडे वरचे काही सेंटिमीटर ढवळतात, आणि रेडिओकार्बन ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही, पुढे पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या उलथापालथीसारख्या खुणा लागतात. पण पोर्तुगालजवळचा एक कोअर बघा, सुमारे ३,१०० मीटर खोलीवरचा. त्यातल्या वरच्या पाण्यातल्या फोरॅमचा आलेख ग्रीनलंडच्या बर्फातल्या तापमानाच्या नोंदीसारखा दिसतो आणि तळाच्या फोरॅमचा अंटार्क्टिकाच्या नोंदीसारखा, तेही एकाच गाळात! उत्तर आणि दक्षिण एकाच वेळी तापत-गारठत नव्हत्या हे इथे तारखांच्या भांडणात न पडताच दिसतं, कारण दोघांची तारीख एकच आहे.

आपल्या बाजूलाही असा गाळ आहे. अरबी समुद्रात साधारण २०० ते १,००० मीटर खोलीवर ऑक्सिजन इतका कमी की किडे टिकत नाहीत, त्यामुळे पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर थर न ढवळता पानांसारखे राहिलेत. नैर्ऋत्य मान्सून जोरात असताना गडद, बारीक पट्ट्यांचा गाळ, मान्सून मंदावला की तळाशी ऑक्सिजन वाढतो, मग गाळ फिका आणि किड्यांनी ढवळलेला. १९९८ मध्ये १ लाख १० हजार वर्षांचा असा कोअर प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या गडद पट्ट्या ग्रीनलंडच्या उबदार काळांशी जुळत गेल्या.