महाधिवक्ता : सल्ला, मर्जी आणि मर्यादा

प्रश्न (धरमपेठ) : नागपूर खंडपीठात रोज शासनाची बाजू मांडणारे वकील म्हणजेच महाधिवक्ता का?

नाही. रोजची प्रकरणे सरकारी वकील व त्यांचे सहायक चालवतात. महाधिवक्ता म्हणजे राज्य शासनाचे सर्वोच्च विधी अधिकारी; हे पद संविधानाच्या अनुच्छेद १६५ ने निर्माण केले असून नेमणूक राज्यपाल करतात. केंद्राच्या महान्यायवादींसाठी (अॅटर्नी जनरल) अनुच्छेद ७६ आहे. त्यांच्या खालोखालचे केंद्राचे विधी अधिकारी, सॉलिसिटर जनरल, यांचा मात्र संविधानात उल्लेखही नाही.

प्रश्न (महाल) : या पदाला वयोमर्यादा आहे का?

नाही, आणि हा वाद प्रथम नागपुरातच गाजला. त्या काळी नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. महाधिवक्ता उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असावा लागतो आणि न्यायाधीश तेव्हा साठाव्या वर्षी निवृत्त होत. म्हणून साठी उलटलेल्या वकिलांची नेमणूक अवैध ठरते, असा आक्षेप होता. नागपूर उच्च न्यायालयाने तो फेटाळला. निवृत्तीचे वय न्यायाधीशाचा कार्यकाळ संपवते, त्याची पात्रता ठरवत नाही, हे १९५२ च्या निर्णयसंग्रहात छापलेले सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली उत्तराखंडच्या प्रकरणात उचलून धरले.

प्रश्न (सीताबर्डी) : महाधिवक्त्यांचा सल्ला शासनावर बंधनकारक असतो का?

बंधनकारक नसतो. निर्णय मंत्रिमंडळाचा, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच. त्यामुळे निर्णय अंगलट आल्यावर विधी सल्ल्याकडे बोट दाखवणे मला योग्य वाटत नाही. अनुच्छेद १७७ नुसार महाधिवक्ता विधिमंडळात, म्हणजे येथील हिवाळी अधिवेशनातही, बोलू शकतात. मतदान मात्र करू शकत नाहीत. शिवाय पद राज्यपालांच्या मर्जीवर, व्यवहारात शासनाच्या विश्वासावर, टिकते. महाराष्ट्राचे तत्कालीन महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी वेगळ्या विदर्भापाठोपाठ वेगळ्या मराठवाड्याचीही भूमिका मांडल्यावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नागरिक म्हणून मत असणे आणि शासनाच्या वतीने बोलणाऱ्याने ते जाहीर मांडणे, यांतले अंतर या पदावर फार थोडे उरते.

प्रश्न (सदर) : न्यायालयाच्या अवमानाची तक्रार करण्यास त्यांची संमती कशाला?

न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम १५ नुसार फौजदारी अवमानाची (न्यायालयाची बदनामी किंवा न्यायदानात अडथळा) याचिका खासगी व्यक्तीने उच्च न्यायालयात आणायची, तर महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते. न्यायालय स्वतःहूनही दखल घेऊ शकते. द्वेषापोटी केलेल्या तक्रारी दाराशीच अडाव्यात, हा हेतू आहे. येथे महाधिवक्ता शासनाचे वकील म्हणून बसलेले नसतात. म्हणून तक्रार मंत्र्याविरुद्ध असली, तरी त्यांनी तीच कसोटी लावली पाहिजे आणि संमती नाकारताना कारणे लिहून दिली पाहिजेत.